लेस की फ्यूअर, फरक पाळायचाच का?

शब्दवेडा
आपल्याकडे पाणी कमी आणि माणसंही कमी, शब्द एकच, म्हणून इंग्लिश लिहिताना गोंधळ होतो. तिथे मोजता येतं त्याला फ्यूअर आणि जे मोजता येत नाही त्याला लेस, म्हणजे लेस वॉटर पण फ्यूअर पीपल. हल्ली सर्रास लेस पीपल लिहितात, मला ते फार खुपतं. ब्रिटनमध्ये टेस्को या सुपरमार्केट साखळीने २००८ साली बिलाच्या काउंटरवरची 'टेन आयटम्स ऑर लेस' ही पाटी बदलून 'अप टू टेन आयटम्स' करायचं ठरवलं, म्हणजे चूक लोकांना खटकत होतीच ना?

मुशाफिर
असहमत. नव्या पाटीवर फ्यूअर कुठे आलं? त्यांनी वादच टाळला. आणि हा नियम आला कुठून ते बघा, १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या गृहस्थांनी लिहिलं की शंभरच्या आधी 'नो लेस दॅन' पेक्षा 'नो फ्यूअर दॅन' मला जास्त डौलदार वाटतं. स्वतःची आवड म्हणून लिहिलं हो, पुढच्या लोकांनी त्याचा कायदा केला. नवव्या शतकात इंग्लंडमधल्या आल्फ्रेड राजाच्या लिखाणात मोजता येणाऱ्या गोष्टींनाही लेसच आहे.

काना_मात्रा
त्यात अजून एक, नियम घोकलेले लोक 'फ्यूअर दॅन फाइव्ह माइल्स' लिहितात ते तर फारच विचित्र वाटतं. आकडा असला तरी ते एक सलग अंतर आहे, तिथे लेसच हवं. पैसे आणि वेळ, तिथेही तेच.

शब्दवेडा
अंतराचं मान्य, शंभर टक्के. पण 'लेस इम्पॉर्टंट मीटिंग्ज' म्हणजे कमी महत्त्वाच्या मीटिंगा आणि 'फ्यूअर इम्पॉर्टंट मीटिंग्ज' म्हणजे महत्त्वाच्या मीटिंगा कमी. मराठीत आपण शब्द मागेपुढे करून भागवतो, इंग्लिशमध्ये ते काम फ्यूअर करतो. आवड बेकरची असेल पण फरक कामाचा आहे!

मुशाफिर
उदाहरण चांगलंय. पण उलट बाजूला बघा, मोअर दोन्हीकडे चालतं. जुन्या इंग्लिशमध्ये मोजायच्या गोष्टींना वेगळा 'मो' होता, तो गेला, कुणाचं अडलं?

शब्दवेडा
अडतं की. 'वी नीड मोअर इम्पॉर्टंट मीटिंग्ज' वाचा आणि सांगा, मीटिंगा जास्त महत्त्वाच्या हव्यात की महत्त्वाच्या मीटिंगा जास्त हव्यात? मो गेल्यामुळेच हे कळत नाही, फ्यूअर गेला तर तिकडेही हेच होणार.