सोलच्या राजवाड्यामागची बाग, आई-बाबांना झेपेल का?

सोलकर_ताई: ऑक्टोबरात आई-बाबा माझ्याकडे सोलला येतायत. छांगदोकगुंग राजवाड्यामागची जुनी बाग, हुवॉन, त्यांना दाखवायचीच आहे, पण आईचे गुडघे दुखतात आणि बाबा म्हणतात बाग बघायला वेगळं तिकीट कशाला. वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलंय का?

पायपीट: आंगुक स्टेशनला ३ नंबरच्या एक्झिटने बाहेर पडा, तिथून चालत जवळच आहे. सोमवारी बंद. हुवॉनचं तिकीट वेगळं, ठरलेल्या वेळेला मोजकीच माणसं सोडतात, पानं रंगायच्या दिवसात आधीच बुक करा नाहीतर हात हलवत परत यावं लागेल. चढउतार आहेत, आईंना काठी द्याच.

भातखाचर: मी सासूबाईंना घेऊन गेले होते, नक्की न्या. फक्त बाग म्हटल्यावर लॉन आणि फुलांचे वाफे डोळ्यासमोर आणू नका, इथे टेकडी आहे तशी ठेवलीय आणि तिच्या कुशीत तळी नि मंडप बसवलेत. पहिलं येतं बुयोंगजी, चौकोनी तळं आणि मधे गोल बेट, चौकोन म्हणजे पृथ्वी आणि गोल म्हणजे आकाश. मंडपाचे दोन दगडी खांब थेट पाण्यात उतरलेत, जसे कोणी पाय सोडून बसलंय. वरची दुमजली इमारत जोंगजो राजाने १७७६ मध्ये बांधली, खाली त्याचं ग्रंथालय होतं. पुढे एकाच दगडातून कोरलेलं बुल्लोमुन दार लागतं, त्यातून गेलं की म्हातारपण येत नाही म्हणतात, सासूबाई दोनदा गेल्या!

पण आमचा जीव अडकला तो अगदी मागे, ओंगन्यूचॉनच्या ओढ्याकाठी. १६३६ मध्ये इंजो राजाने तिथल्या खडकात वळणदार पन्हळ कोरून घेतली, त्या पाण्यात मद्याचे पेले सोडायचे. आणि शेजारी चक्क भाताचं छोटंसं खाचर, त्यात गवती छपराचा एक मंडप, राजा स्वतः इथे भात लावायचा, आणि छप्पर त्याच भाताच्या पेंढ्याने शाकारतात. आम्ही गेलो तेव्हा भात पिवळं झालं होतं. सासूबाई रत्नागिरीच्या, छपराची कड वाकून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, आमचा गोठा असाच शाकारायचे गो. गाईड पुढे गेली तरी हलेनात.

पायपीट: हो, पण ते सगळ्यात लांब आहे, परतताना चढ लागतो. दमल्या तर गाईडला आधीच सांगा.

सोलकर_ताई: खूप आभार दोघांचे! बाबांना भाताचं सांगितलं, आता तेच विचारतायत कुठली जात लावतात म्हणून. उद्याच बुक करते, सकाळचं.