नेमबाजीसाठी पहिले रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे, मार्गदर्शन हवे

मानेवाड्याचा नेमबाज:
सर्वांना नमस्कार. मी गेली दोन वर्षे नागपुरातील एका रायफल क्लबमध्ये दर रविवारी १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव करतो. गेल्या महिन्यात प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली क्लबच्या .३२ रिव्हॉल्व्हरमधून सहा गोळ्या झाडण्याची संधी मिळाली. त्यांतील दोनच लक्ष्याच्या काळ्या भागात लागल्या, तरीही तेव्हापासून माझ्या मनातून ते शस्त्र जात नाही. स्वसंरक्षणाचा हेतू नाही. मला केवळ नेमबाजीसाठी स्वतःचे रिव्हॉल्व्हर घ्यायचे आहे. भारतीय बनावटीचे आखूड नळीचे .३२ रिव्हॉल्व्हर या कामाला योग्य ठरेल का, आणि घेताना काय पाहावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

जुना स्पर्धक, धरमपेठ:
दादा, आपल्या सहापैकी दोनच गोळ्या काळ्यात लागल्या, यात हाताचा दोष जितका आहे तितकाच भूमितीचाही आहे. रिव्हॉल्व्हरची पुढची आणि मागची साइट (नेम धरण्याची खूण) यांच्यात १० सेंटिमीटर अंतर आहे असे धरा. दोन्ही साइट जुळवताना डोळ्याकडून केवळ १ मिलिमीटरची चूक झाली, तर २५ मीटरवर गोळी तब्बल २५ सेंटिमीटर बाजूला जाते. २५ मीटरच्या प्रिसिजन लक्ष्याचा काळा भाग २० सेंटिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे मध्यापासून त्याची कड १० सेंटिमीटरवरच येते. तेव्हा एवढ्याशा चुकीने गोळी काळ्याच्या बरीच बाहेर पडणार. हेच साइटमधील अंतर २२ सेंटिमीटर असेल, तर तीच चूक ११ सेंटिमीटरच्या आसपास राहते. लांब नळीवर साइटमधील अंतर वाढते. स्पर्धेच्या नियमांनी सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होणाऱ्या) पिस्तुलाला १५३ मिलिमीटरपर्यंत नळीची मुभा दिलेली आहे आणि गंभीर स्पर्धक तिचा पुरेपूर उपयोग करतात, त्याचे कारण हेच.

यावरून आपण निराश होऊ नये. .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे काडतूस मुळातच अतिशय अचूक आहे. २५ मीटर सेंटरफायर स्पर्धेत जगभरातील नेमबाज याच काडतुसाची चपट्या तोंडाची गोळी पसंत करतात, कारण ती कागदाला स्वच्छ, गोल भोक पाडते. आपल्या जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ६०० पैकी ५९० गुण मिळवले, ते याच प्रकारात. थोडक्यात, उणीव काडतुसात नसून आखूड नळीत आहे.

माझे स्पष्ट मत असे की, आखूड नळीचेच घ्यावे लागणार असेल तर फार हलके घेऊ नये. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने आणलेले ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅमचे आहे. ते पर्समध्ये बाळगायला सोयीचे असले, तरी हलक्या शस्त्राचा धक्का हाताला अधिक जाणवतो आणि पन्नास-साठ गोळ्यांच्या सरावात नवख्याला गोळी सुटण्याआधीच हात झटकण्याची सवय जडते. सुरुवातीला प्रत्येक गोळीला हॅमर (मागचा घोडा) अंगठ्याने मागे ओढूनच नेम धरावा. हॅमर न ओढता नुसता ट्रिगर दाबला तर तो लांब आणि जड लागतो, आणि त्या प्रवासात साइट हलल्याशिवाय राहत नाही. एअर पिस्तुलात शिकलेला संथ, सरळ दाब येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो, ही आपली मोठी जमेची बाजू आहे.

परवान्याच्या फेऱ्या मारलेला:
शस्त्राआधी परवान्याचा विचार करावा. आपण नागपूर शहरात राहत असल्याने अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करावा लागेल. काटोल, उमरेड, सावनेर अशा ग्रामीण भागातील अर्जदारांना जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावे लागते.   परवान्यासाठी आपले कारण रास्त असल्याची अधिकाऱ्यांची खात्री पटावी लागते. म्हणून क्लबचे सदस्यत्व, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि स्पर्धांतील गुणपत्रके व्यवस्थित जोडावीत. माझा पहिला अर्ज ‘आवड आहे’ एवढ्याच कारणावर गेला आणि नामंजूर होऊन परत आला. त्यात माझे एक वर्ष गेले.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे, त्यामुळे त्यातील एक जागा घाईने भरू नये. काडतुसांची मर्यादाही परवान्यावर नोंदलेली असते. सेंटरफायरच्या एका स्पर्धेतच ६० गोळ्या लागतात, तेव्हा सरावासाठी किती काडतुसे मिळतील हे आधीच विचारून घ्यावे. अन्यथा शस्त्र कपाटात आणि आपण पुन्हा एअर पिस्तुलाजवळ, अशी स्थिती होते.

हिंगणा रोड:
मी वापरलेले .३२ रिव्हॉल्व्हर रीतसर परवानगीने घेतले, त्यातून शिकलेले सांगतो. प्रथम ते उघडून सिलिंडरची, म्हणजे काडतुसे बसतात त्या फिरत्या दंडगोलाची, सहाही घरे रिकामी असल्याची स्वतः खात्री करावी. मग हॅमर मागे ओढून सिलिंडर बोटांनी हलवून पाहावा आणि हे सहाही घरांसाठी करावे. एखाद्या घराला तो जास्त डुलत असेल, तर ते घर नळीशी नीट जुळत नाही आणि शिशाचे कण बाजूने उडू शकतात. मी चारच घरे तपासली होती. दोष पाचव्यात निघाला.

हे शस्त्र मध्ये दुमडून उघडते आणि रिकाम्या पुंगळ्या एकदम वर उचलल्या जातात. ते हळूच, जपून उघडले की एखादी पुंगळी घसरून एक्स्ट्रॅक्टरच्या ताऱ्याखाली (पुंगळ्या वर उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली) अडकते आणि मग शस्त्र धड बंद होत नाही, धड उघडतही नाही. त्यामुळे उघडताना एकाच दमदार हालचालीत पूर्ण उघडावे. ताऱ्याखाली साचलेली काजळी जुन्या दातांच्या ब्रशने प्रत्येक सरावानंतर काढावी. पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नये. माझ्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर एका जुलै महिन्यात तीन आठवड्यांत गंजाचे तांबूस ठिपके उठले, कारण चामड्याने ओल धरून ठेवली होती.

मानेवाड्याचा नेमबाज:
आपणा सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. भूमितीचा हिशेब वाचल्यावर मी रविवारी क्लबच्या रिव्हॉल्व्हरच्या साइटमधील अंतर पट्टीने मोजले; ते ११ सेंटिमीटर भरले. या वेळी लक्ष्य १० मीटरवर लावून, प्रत्येक वेळी हॅमर ओढून बारा गोळ्या झाडल्या आणि नऊ काळ्यात लागल्या. अर्ज पुढे ढकलतो आहे; आधी क्लबच्या शस्त्राने २५ मीटरवर सराव करून एखाद्या स्पर्धेचे गुणपत्रक हाती आणतो. वापरलेले शस्त्र पाहायला जाताना हिंगणा रोडवरील दादा सोबत येऊ शकतील का?

हिंगणा रोड:
अवश्य येईन. दुपारी नको, सकाळी जाऊ. उजेडात नळीची आतील बाजू नीट पाहता येते.