'फाशी रद्द' म्हणजे नेमकं काय रद्द?

मांडवीकाठ: स्मरणिकेसाठी लेख लिहितोय, विषय मृत्युदंड आणि आंतरराष्ट्रीय कायदा. 'फाशी रद्द' लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं कोर्टानं कुणा एकाची शिक्षा कमी केली, मला तर म्हणायचंय की कायद्यातनंच ती शिक्षा काढून टाकणं. 'मृत्युदंड निर्मूलन' म्हटलं तर मलेरियाचा डिपार्टमेंट डोळ्यासमोर येतो. काय वापरू?

साखळीकर: फाशी ही पद्धत झाली हो, शिक्षेचं नाव मृत्युदंड. अमेरिकेत विषाचं इंजेक्शन देतात तरी आमचे पेपरवाले मथळ्यात कधी कधी फाशीच ठोकतात, छोटा शब्द ना. आपल्याकडे गळफासच आहे म्हणून हा घोळ कळत नाही इतकंच. 'देहांत शासन' पण चालेल, पण फार जड होतं. आणि रामशास्त्र्यांनी राघोबाला सांगितलं म्हणतात ते देहांत प्रायश्चित्त, ते वेगळं हां, ते स्वतःहून घ्यायचं असतं, सरकार देत नाही.

दर्यावर्दी: एका शब्दात बसवायला जाऊच नका, गोष्टी तीन आहेत. एका कैद्याची शिक्षा जन्मठेपेत बदलली ते वेगळं. शिक्षा कायद्यात ठेवून अंमलबजावणी थांबवली ती स्थगिती. आणि कायद्यातनं काढली तर सरळ 'मृत्युदंडाची तरतूद रद्द करणे' लिहा, लांब आहे पण गैरसमज होत नाही. १९६६ चा युनोचा नागरी आणि राजकीय हक्कांचा करार मृत्युदंडावर बंदी घालत नाही, कलम ६ फक्त म्हणतं की जिथे तो आहे तिथे अत्यंत गंभीर गुन्ह्यांनाच, गुन्हा करताना १८ च्या आतला असेल त्याला नाही, गरोदर बाईवर अंमल नाही, आणि वर हेही की या कलमाचा आधार घेऊन कुणी तो रद्द करायचं लांबवू नये. रद्द करायची सक्ती येते १९८९ च्या दुसऱ्या प्रोटोकॉलमधे (म्हणजे त्याच कराराला जोडलेला पूरक करार), तोसुद्धा जे देश सही करून मान्यता देतील त्यांच्यापुरताच. भारत १९७९ मधे मूळ करारात आला, या प्रोटोकॉलमधे नाही. २००७ मधे युनोच्या आमसभेत स्थगितीचा ठराव आला तेव्हा आपण विरोधात मत दिलं, आणि तो ठराव स्थगितीचाच होता, पेपरात 'फाशीबंदीचा ठराव' वाचलात तर तिथेच पेन्सिलीनं खूण करा.

पेडण्याची बाय: गोव्याचं विसरू नका हो! पोर्तुगालनं १८६७ मधे नेहमीच्या फौजदारी गुन्ह्यांसाठी, म्हणजे खुनासाठीसुद्धा, मृत्युदंड काढला आणि १८७० मधे ते वसाहतींना लागू केलं. पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या पिंटोंच्या बंडातल्या लोकांना पणजीत मारलं ते त्याच्या कितीतरी आधी, १७८७ चं बंड ते. लष्करी गुन्ह्यांचं शेपूट पोर्तुगालमधे राहिलं, ते कायमचं गेलं १९७६ मधे. तोवर इथे मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता आली होती आणि तिच्याबरोबर खुनाला मृत्युदंडही. आणि 'साध्या गुन्ह्यांसाठी रद्द' असं मात्र लिहू नका, खून साधा कसा?

मांडवीकाठ: हे गोव्याचं तर मला माहीतच नव्हतं, टाकतो. तरतूद रद्द, स्थगिती, शिक्षेत बदल असे तिन्ही ठेवतो. प्रोटोकॉलला 'ऐच्छिक' म्हणू ना?

दर्यावर्दी: म्हणा, पण सही करणं ऐच्छिक, एकदा मान्यता दिली की मग बंधन, हे कंसात घाला नाहीतर लोक म्हणतील ऐच्छिक आहे ना मग कशाला पाळायचा.