सुई अंगाला मानवली नाही, हे कसं ओळखायचं? (अनुभव धागा)

जांबोटी नाका
हातावर थेंबभर औषध टोचून, भोवती पेनानं गोल काढून "वीस मिनिटं बसा" म्हणायचे, आठवतंय? आज दवाखान्याबाहेर एकजण दंडावर बोळा दाबत तसाच गाडीला किक मारताना दिसला, आणि तो गोल आठवला. गोलात गांधी उठली नाही म्हणजे औषध मानवणारच असं नाही, पूर्ण डोसाला रिॲक्शन येऊ शकते. अर्धा तास थांबायचंच. या कामातल्यांनी लिहा.

सिस्टर खानापूर
ड्युटीवर आहे, तुकड्यातुकड्यानं लिहिते. भीतीची चक्कर: टोचताना नाहीतर लगेच, तोंड पांढरं, गार घाम, नाडी मंद. आडवं केलं की दोनचार मिनिटांत माणूस बोलतो. रिॲक्शन: नाडी पळते, तळहात खाजतात, अंगावर पित्त उठतं, ओठ-पापण्या सुजतात, आवाज घोगरा, श्वासाला शिट्टी.

सिस्टर खानापूर
आणि पित्त उठलंच पाहिजे असं नाही हां. नुसता घसा आवळून बीपी पडलं तरी तेच. पोटात मुरडा, उलटी आली की "काहीतरी खाल्लं असेल" म्हणून सोडतात.

ट्रेवाला
औषध ॲड्रिनॅलिन. १ मिलीत १ मिलिग्रॅमवालं, मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या अंगाला मध्यावर, स्नायूत. ५ मिनिटांत उतार नाही तर परत. मुलांना किलोमागे ०.०१ मिली. आधी ॲव्हिल-डेक्सा (ॲलर्जीची आणि स्टेरॉइडची सुई) देऊन वाट बघत बसतात, तिथंच घात होतो. खाज जाते, श्वास सुटत नाही. पेशंटला झोपवून पाय वर, धाप असेल तर टेकवून. एकदम उभं केलं तर बीपी कोसळून हृदय थांबू शकतं. बरं वाटलं म्हणून लगेच घरी नको, काही तासांनी परत उलटू शकतं.

निपाणीकर
इन्सुलिनच्या जागी गाठ येते ती पण रिॲक्शन काय?

मेडिकलवाला
नव्हे दादा, रोज एकाच जागी टोचून चरबी साठते. दुखत नाही म्हणून लोक परत तिथंच टोचतात, आणि तिथून इन्सुलिन कधी कमी कधी जास्त चढतं. बोटभर अंतर सोडत जागा बदला. खरा घोळ सिरिंजचा. ४० च्या (१ मिलीत ४० युनिट) बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपणाची. लाल सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत १०० चं औषध ओढलं की अंगात ५० युनिट गेलं! मग हात थरथर, घाम, बडबड. साखर ७० च्या खाली.

कुंदाप्रेमी
मग कुंदा द्यायचा की वो 😄 बेळगावात राहून ग्लुकोज कशाला

मेडिकलवाला
कुंद्यात खवा, त्याच्या चरबीनं साखर रक्तात उशिरा चढते. ३ चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, १०८.

कुंदाप्रेमी
बरं, कुंदा नंतर.

कडोलीची आक्का
कुंदा काळपट होईस्तोवर परतावा लागतो, दुकानात मिळतो तो गोड चिखल. विषय सोडून बोलले, माफ करा. कमरेत सुई घेतल्यावर पाय जड होतो, ते काय?

ट्रेवाला
जागा दुखते ते वेगळं, दोन दिवसांत जातं. टोचतानाच पायात करंट उतरला किंवा पाऊल वर उचलेना, तर नस (मज्जातंतू) दुखावली. त्याच दिवशी दाखवा. सुई कुल्ल्याच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात पाहिजे. टोचल्या जागी कातडं जांभळं-काळं पडून ठणकायला लागलं तरी थांबू नका.

उसाचा फड
सापाच्या लसीचं (साप चावल्यावर देतात त्या विषउताराचं) पण लिहा कोणीतरी, तोडणी सुरू झाली की पेशंट येतातच.

सिस्टर खानापूर
लस चालू असताना थंडी वाजून हुडहुडी भरली, खाज सुटली तर लगेच सांगायचं, सलाईन थांबवून उपचार होतो. आठ-दहा दिवसांनी ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर तेही त्या लसीचंच असू शकतं. नवीन डॉक्टरला लस घेतल्याचं सांगा, नाहीतर व्हायरल म्हणून गोळ्या मिळतात. आणि सिस्टरला मराठी येत नसेल तर तीन कन्नड शब्द पाठ करा: तुरिके म्हणजे खाज, बावु म्हणजे सूज, उसिराटद तोंदरे म्हणजे दम लागतोय.

मेडिकलवाला
रिकामी बाटली टाकू नका, बॅच नंबरचा फोटो काढा. औषधाची रिॲक्शन १८००-१८०-३०२४ वर पेशंटलाही कळवता येते, फॉर्म मराठीत आहे, कन्नडातही.

सिस्टर खानापूर
पेशंट आला, जाते. गोलवाला आहे 🙂