अवकाश थंडगार, मग दुर्बीण थंड ठेवायचा खटाटोप कशाला?

ध्रुवपद:
काल इथे एकांनी लिहिलं, ‘अवकाशात उणे २७० अंश. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला ऊन अडवणारी पाच पदरी छत्री आणि वर हेलियमचा कूलर, ही निव्वळ उधळपट्टी. उघडी सोडली असती तरी गारठली असती.’ वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तर लिहितो. वेब अवरक्त प्रकाश, म्हणजे उष्णतेचे किरण, टिपते; ती स्वतःच उबदार असली तर तिचीच उष्णता त्यात मिसळेल, म्हणून ती थंड हवी.

थंडी बोचते ती हवा अंगातली ऊब ओढून नेते म्हणून. तिथे हवाच नाही. यंत्राच्या पोटातल्या उष्णतेला बाहेर पडायला एकच दार, प्रारणाचं (उष्णता किरणांच्या रूपात सोडण्याचं), आणि ते तापमानाच्या चौथ्या घातानं उघडतं-मिटतं. शिवाय सूर्य तापवतोच आहे. वेबच्या आरशामागे इलेक्ट्रॉनिक्सचा एक डबा आहे, तो साधारण २०० वॉट उष्णता सोडतो. डबा ३०० केल्व्हिनला (साधारण २७ अंश सेल्सिअस) असला तर ती फेकायला अर्धा चौरस मीटर काळा पृष्ठभागही पुरतो. तीच आरशाच्या ४० केल्व्हिनला (साधारण उणे २३३ अंश) फेकायची तर जवळपास १,४०० चौरस मीटर लागतील. अख्खी छत्रीच २१ बाय १४ मीटर आहे! म्हणून तो डबा मुद्दाम उबदार ठेवलाय आणि त्याची उष्णता आरशावर न पडता मोकळ्या आकाशाकडे वळवली आहे.

लोखंडी_खिळा:
२१ वर्षं सर्व्हर रूम सांभाळतोय, उष्णता मला शिकवू नका. काल लिहिणाऱ्यांची भाषा चुकली असेल, शंका रास्त आहे. तापणारी वस्तू तापलेल्या बाजूलाच ठेवावी. सूर्याकडच्या बाजूला एवढा सांगाडा असताना २०० वॉटची शेगडी थंड बाजूला नेलीच कशाला? आधी चूक करायची, मग ती निस्तरल्याचं कौतुक सांगायचं.

ध्रुवपद:
चूक नाही, नाइलाज. डिटेक्टरचा सिग्नल इतका क्षीण असतो की लांब वायरीत गोंगाटात बुडेल. तो वाचणारं सर्किट जवळच लागतं.

रेणू_३००के:
खिळेसाहेब, तुमच्या सर्व्हर रूममध्ये पंखा आहे, तिथेच सगळा फरक पडतो. माझा तळहाताएवढा बोर्ड टेबलावर दिवसभर चालायचा, जेमतेम कोमट व्हायचा. निर्वात चेंबरमध्ये ठेवला आणि वीस मिनिटांत रेग्युलेटर बंद. बाहेर काढला तर त्याच्याखालचा हिरवा थर तपकिरी झालेला. मग तांब्याची पट्टी कसून बोर्ड चेंबरच्या भिंतीला जोडला, तेव्हा कुठे चालला. त्या दिवसापासून ‘अवकाश थंड असतं’ हे वाक्य ऐकवत नाही.

अर्धविराम:
अवांतर, पण राहवत नाही. खरा घात हेलियमच्या टाक्यांनी केलाय. हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीत ती थंड ठेवायला २,३०० लिटरहून जास्त द्रव हेलियम होतं, ते हळूहळू उडून जायचं. २९ एप्रिल २०१३ला संपलं आणि दुर्बीण आंधळी झाली. माझी दोन निरीक्षणं मंजूर होऊन रांगेत होती. प्रबंधाचं एक प्रकरण तिथेच गेलं. कूलर असता तर?

लोखंडी_खिळा:
कूलर म्हणजे कंप्रेसर. कंप्रेसर बसला नाही असा एक उन्हाळा मी पाहिलेला नाही. टाकीला ना पिस्टन, ना कंप. स्पिट्झर ही अवरक्त दुर्बीण ३६० लिटरवर साडेपाच वर्षं चालली, आणि २००९मध्ये हेलियम संपल्यावरही २०२०पर्यंत.

अर्धविराम:
‘चालली’? ३.६ आणि ४.५ मायक्रॉन एवढ्याच तरंगलांबी उरल्या होत्या. दूरचं अवरक्त, म्हणजे माझं सगळं कामच, बंद. कंप्रेसर बसण्याच्या गोष्टी सांगताय, तर हबल दुर्बिणीवरच्या निकमॉस या अवरक्त कॅमेऱ्याचं काय? त्याचा नायट्रोजनचा बर्फ १९९९मध्ये संपला. २००२मध्ये अंतराळवीरांनी कूलर बसवला आणि उपकरण पुन्हा जिवंत झालं.

लोखंडी_खिळा:
हबलपर्यंत माणूस जाऊ शकत होता. वेब १५ लाख किलोमीटरवर आहे. तिथे बिघडला तर कोण जाणार, तुम्ही?

अर्धविराम:
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. टाकी संपणार हे उड्डाणाच्या दिवशीच ठरलेलं असतं. कूलर बिघडेलच असं ठरलेलं नसतं.

रेणू_३००के:
दोघंही मूळ विषय विसरलात. कूलरही स्वतःची उष्णता सोडतोच. निकमॉसच्या कूलरची उष्णता हबलच्या बाहेर लावलेल्या रेडिएटरकडे न्यावी लागली. वेबमध्ये मिरी या उपकरणाला ७ केल्व्हिनच्या खाली ठेवणारा कंप्रेसर सूर्याकडच्या सांगाड्यात आहे, गार हेलियम तेवढं नळीतून वर जातं. खिळेसाहेब, हा तुमचाच नियम झाला की.

लोखंडी_खिळा:
कंप्रेसर योग्य जागी आहे, मान्य. वायरीचंही मान्य करतो, नाइलाजानं. पण तो डबा निरुपद्रवी आहे असं म्हणू नका. त्यातले हीटर चालू-बंद होतात तशी दुर्बीण काही मिनिटांच्या लयीत नॅनोमीटरच्या मापात हलते, हे चाचण्यांतच दिसलंय.

ध्रुवपद:
बरोबर, ते माझ्या लेखात यायला हवं होतं. हालचाल मर्यादेच्या पुष्कळ आत आहे, पण आहे.

लोखंडी_खिळा:
आहे ना? मग पुढच्या दुर्बिणीचा आराखडा करताना हीटरच्या त्या चालू-बंदचा विचार आधी करा. माझं भांडण एवढ्यासाठीच होतं.