जहाजावरून आलेल्या दिराचा ताप, डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह. पुढे काय?

दीर मर्चंट नेव्हीत आहे. इंडोनेशियात साइन ऑफ करून गणपतीच्या आदल्या दिवशी गुहागरला पोचला. गौरी जेवल्या त्याच दिवशी ताप चढला. डोळ्यांच्या मागे ठणका, कंबर तर धरलीच. प्रवासाची दगदग म्हणून आधी घरचे काढे झाले. सहाव्या दिवशी, म्हणजे काल, रक्त तपासलं: एनएस१ निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी ३१००, प्लेटलेट ९२ हजार, दोन्ही कमी. घरात सगळे खूश, डेंग्यू नाही म्हणून. आज ताप उतरलाय, त्यामुळे सासूबाई म्हणतात, आता कशाला पुन्हा सुई टोचायची?

मला पटत नाही. एनएस१ हे डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन पहिल्या चार-पाच दिवसांत नीट सापडतं आणि मग कमी होत जातं ना? आयजीएम (ताज्या संसर्गाच्या अँटीबॉडीची चाचणी) करावी तर त्याने कामासाठी यलो फीवरची लस घेतलेली आहे. रिपोर्ट फसवा येईल का? शिवाय आल्यापासून अनवाणी खाचरांतून हिंडलाय, त्यामुळे शेजारचे काका लेप्टो लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) करतायत.

लॅबवाली: सहाव्या दिवशीच्या निगेटिव्ह एनएस१ने डेंग्यू बाद होत नाही. आयजीएम एलायझा या लॅबमधल्या पद्धतीने करा, नुसत्या झटपट कार्ड चाचणीवर भागवू नका. लशीची शंका रास्त आहे, डेंग्यू आणि यलो फीवर दोन्ही विषाणू एकाच कुळातले. अँटीबॉडीत गल्लत होते, आयजीजीत (जास्त काळ टिकणाऱ्या अँटीबॉडीत) जास्त. लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा. डेंग्यूचा ताप डास चावल्यावर साधारण ४ ते १० दिवसांनी येतो, म्हणजे डास बहुधा तिकडचाच. लेप्टोला बहुतेकदा ५ ते १४ दिवस लागतात, तेव्हा इथल्या खाचराचा हिशेब जरा घाईचा होतो. तरी पावसाळ्यात कोकणात लेप्टो तपासलेला बरा. आणि मलेरियाची स्लाइड? बंदर कोणतं होतं? इंडोनेशियातल्या पापुआकडे मलेरिया भरपूर.

दापोलीकर: ताई, ताप उतरला म्हणून निश्चिंत होऊ नका, डेंग्यूत खरा धोका तेव्हाच असतो. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) वर जातं. नुसत्या प्लेटलेट मोजत बसू नका. पोटात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ ॲडमिट. अंगदुखीला ब्रुफेन, ॲस्पिरिन अजिबात नको, फक्त पॅरासिटामॉल. पपईच्या पानांचा रस पाजणारेही भेटतील, त्यात वेळ घालवू नका.

धागाकर्ती: बंदर जकार्ता. स्लाइड झालेली नाही. सकाळपासून दोनदा उलटी झालीय, पोटही दुखतंय म्हणतो. सासूबाईंना हे वाचून दाखवलं. गाडी सांगितलीय, चिपळूणला निघतोय.