नामवंत, नामचीन, बदनाम: तुमचे अनुभव लिहा

सुप्रसिद्ध–कुप्रसिद्ध, कीर्ती–अपकीर्ती, लौकिक–बदलौकिक या जोड्या शाळेत सगळ्यांनीच घोकल्यात. पण त्यातला एखादा शब्द आपल्या माणसाला चिकटला तेव्हा काय झालं, ते सांगा. दोन ओळी चालतील, फक्त स्वतःचं लिहा.

इंदूर
सासऱ्यांच्या सत्काराची बातमी हिंदी पेपरात आली, 'नामचीन' डॉक्टर म्हणून. कात्रणाचा फोटो साताऱ्याला आईकडे पाठवला, तर तिचा घाबरून फोन! आपल्याकडे नामचीन म्हटलं की पुढे गुंडच येतो, हिंदीत तोच नामवंत.

सांगली
वडील हळदीचे अडते. आमच्या धंद्यात दोनच शब्द, पत आणि बट्टा. एका हंगामात खरेदीदाराकडे पैसे अडकले. शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, थकू नयेत म्हणून आईनं पाटल्या मोडायला काढून दिल्या. नावाला बट्टा लागला की पुढच्या सौद्याला माल दुसऱ्याच्या दारात उतरतो, हे तिला वडिलांइतकंच ठाऊक होतं.

सोलापूर
मी सेटलमेंट भागात वाढलो. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, तो पुढे आमच्याकडेही लागू झाला. म्हणजे पोर जन्मलं की गुन्हेगार. आजोबांचं तरुणपण याच सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणाआड गेलं. रोज हजेरी, बाहेर पडायचं तर पास. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कागदावरून पुसला आणि आम्ही 'विमुक्त' झालो. तरी वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली की आधी माझं दप्तर उघडलं जायचं. आजोबांनी मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली: "पावती ठेव." नवं पेन घेतलं तरी त्याची पावती दप्तराच्या आतल्या कप्प्यात असायची. आज मी नोकरीला आहे, बायको म्हणते कपाट कागदांनी भरलंय, पण सायकलीपासून फ्रीजपर्यंत एकही पावती मी फेकलेली नाही.

रत्नागिरी
आत्यानं जातीबाहेर लग्न केलं तेव्हा आजीचा हुकूम होता, "या घरात तिचं नाव काढायचं नाही." आत्या नर्स. आजी अंथरुणाला खिळली तेव्हा तिनंच सगळं केलं. नंतर तीच आजी शेजारणींना सांगायची, "लेकीनं नाव काढलंन हो!"

छत्रपती संभाजीनगर
सोलापूरच्या दादांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी एका दैनिकात मुद्रितशोधक होते. खटला उभाही राहिलेला नसताना बातमीत 'कुख्यात' आलं की मी ते कापून 'संशयित' करायचे. बातमीदार म्हणायचे, "अहो ताई, अख्ख्या शहराला माहितीये." माझं उत्तर ठरलेलं, कोर्टानं म्हणू दे मग छापू. अब्रुनुकसानीच्या दाव्याची भीती होतीच, आता त्याचं कलम न्याय संहितेत 356 झालंय. पण मला त्याहून जास्त खुपायचं ते वेगळंच. अटक पहिल्या पानावर फोटोसकट, आणि निर्दोष सुटका आतल्या पानावर चार ओळी. सुटकाही पहिल्या पानावर घ्या म्हणून मी संपादकांशी भांडायचे. एकदाच ऐकलं त्यांनी.